शहराची सुबत्ता कोणाच्या खाती मांडायची?

(परभणी येथे नागरिकांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी छाती फुगवून उच्चारलेले आहे. आणि 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे दुसरे वाक्य कानावर पडले की आपण सारेच थोडे ओशाळवाणे हसतो. दोन्ही वाक्यांत या शहराबद्दलचा निवाडा आहे. हिशेब मात्र एकातही नाही. जानेवारी २०२६ मध्ये महानगरपालिकेची निवडणूक झाली, तेव्हा ओट्याओट्यावर मी हीच दोन वाक्ये निराळ्या शब्दांत ऐकली. एक म्हणायचा, "अमक्याच्या काळात शहर सुधारले." दुसरा म्हणायचा, "तमकीच्या काळात शहर बुडाले." सुधारले म्हणजे काय, बुडाले म्हणजे किती, असे विचारले की चहा मागवला जात असे.

आजचा विषय तोच आहे. एखाद्या शहराची आर्थिक प्रकृती त्याच्या अलीकडच्या महापौरांच्या नावे लावून तपासता येते काय? येत असेल तर कोणत्या मापाने?

आपल्या महानगरपालिकेचे वय फार नाही. २०११ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि एप्रिल २०१२ मध्ये पहिली निवडणूक झाली. तेव्हापासून मे २०२२ पर्यंतच्या दहा वर्षांत चार महापौर झाले. प्रताप देशमुख आणि संगीता वडकर हे राष्ट्रवादी काँग्रेसचे, मीना वरपुडकर आणि अनिता सोनकांबळे या काँग्रेसच्या. चारांपैकी तिघी महिला होत्या, याची म्हणावी तशी नोंद आपण घेतली नाही, हे जाता जाता सांगतो. मे २०२२ नंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार होता.

आता खरे सांगतो. या व्यासपीठावरून बोलायचे ठरले, तेव्हा एक भाषण माझ्या मनात आपोआप तयार झाले होते. चारही महापौर दोनच पक्षांचे, ते पक्ष आपल्या विचाराचे नव्हेत, शहराची दैना सर्वांसमोर आहे. तेव्हा आरोपपत्र वाचायचे आणि टाळ्या घ्यायच्या. अर्ध्या तासाचे काम होते. परंतु आकडे आणि तारखा समोर मांडल्यावर ते भाषण माझे मलाच टिकेना. जे माप आपण दुसऱ्यासाठी काढतो, ते उद्या आपल्या माणसालाही लावायची तयारी हवी. आणि ते माप मुळात खोटे असेल, तर उद्या त्याने आपलीच फसगत होईल.

मोंढ्याचा खरा धनी

या चार कार्यकाळांत काय काय घडले ते आठवून पाहा. पहिल्या महापौरांच्या पहिल्याच वर्षी, म्हणजे २०१२ मध्ये, मराठवाड्यात पावसाने दगा दिला. दुसऱ्या महापौरांच्या वाट्याला २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन दुष्काळी वर्षे आली. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली. तिसऱ्या महापौरांनी पदभार घेतला आणि दोन महिन्यांत, १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर लागू झाला. त्याच खरिपात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. चौथ्या महापौर २०१९ च्या अखेरीस आल्या आणि चार महिन्यांत टाळेबंदी लागली. पुढे २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला, त्या हंगामात कापसानेही दहा हजारांचा टप्पा ओलांडला, आणि वसमत रोडवर मोटारसायकली विकणाऱ्यांचे चेहरे उजळले. मग २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात तेवढेही मिळेनात. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली, तेव्हा तर शहराला महापौरच नव्हता.

यांतील कोणती गोष्ट महापौरांच्या दालनात ठरली? परभणीची बाजारपेठ ही सेलू, मानवत, पाथरी, जिंतूर, गंगाखेड, पूर्णा येथील शेतकऱ्याच्या खिशावर चालते. दिवाळीत कापडाच्या दुकानात किती गर्दी होणार, हे जूनचा पाऊस आणि ऑक्टोबरचा भाव ठरवतात. मोंढ्यातील हमालाला हे ठाऊक असते. निवडणुकीच्या सभेत बोलणाऱ्याला ते आठवत नाही, इतकाच फरक. २०२१ च्या तेजीचे श्रेय महापौरांना देणारा आणि २०१५ च्या मंदीचे खापर महापौरांवर फोडणारा, दोघेही एकच चूक करतात.

म्हणून पहिली गोष्ट ही की, शहराचे अर्थकारण आणि महानगरपालिकेचे अर्थकारण हे दोन वेगळे ताळेबंद आहेत. पहिल्यात महापौराचा हात फार थोडा आहे. दुसऱ्यात किती आहे ते आता पाहू.

तिजोरीची किल्ली

आपली महानगरपालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने चालते. त्याच्या ६७ व्या कलमानुसार कारभाराची अंमलबजावणी करण्याचा अधिकार आयुक्तांकडे आहे, आणि आयुक्तांची नेमणूक राज्य शासन करते. महापौर सभेचे अध्यक्षस्थान भूषवितो. त्याची मुदत अडीच वर्षांची, पदाचे आरक्षण सोडतीने ठरणारे. अडीच वर्षांत माणसाला कार्यालयातील फायलींची वाट कळते आणि तोवर निरोपाचा हार गळ्यात पडतो.

गंमत पाहा. डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या, तेव्हा नगराध्यक्ष थेट जनतेने निवडला. म्हणजे सेलूच्या आणि जिंतूरच्या मतदाराला जो अधिकार आहे, तो परभणीच्या मतदाराला नाही. शहर मोठे झाले आणि नागरिक लहान झाला!

हे असेच असावे, असा काही ईश्वरी नेम नाही. १९२४ मध्ये कोलकात्याच्या महापालिकेत देशबंधू चित्तरंजन दास महापौर झाले, तेव्हा मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून सुभाषबाबूंना महापालिकेनेच निवडले होते. परक्यांच्या राज्यात! आपल्याकडे १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूर येथे 'महापौर परिषदे'चा प्रयोग झाला. महापौराच्या हाती कार्यकारी सत्ता आली आणि वर्षभरातच तो प्रयोग गुंडाळला गेला. त्यानंतर सर्व पक्षांची सरकारे येऊन गेली. आयुक्तांची किल्ली कोणीही सोडली नाही. त्यांत आपल्या जवळचीही सरकारे होती, हे मी येथे मुद्दाम सांगतो.

आता तिजोरीत पैसा कोठून येतो ते पाहू. परभणी नगरपालिका असताना जकात होती. राज्यातील नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी शासनाचे अनुदान आले. महानगरपालिका झाल्यावर स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी त्याला किती कडवा विरोध केला, ते या सभेत बसलेल्या अनेकांना सांगायला नको. काही जण तर त्या मोर्चांत पुढेच होते. ऑगस्ट २०१५ मध्ये पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. परभणीसारख्या शहरात पन्नास कोटींच्या वरचे व्यापारी असे किती असणार? म्हणजे कर जवळजवळ संपलाच. जुलै २०१७ मध्ये उरलेसुरलेही वस्तू व सेवा करात विरून गेले.

त्याबदली राज्याने भरपाईचा कायदा केला. त्याचे सूत्र समजून घ्या, कारण आपल्या शहराचे दैव त्यात बांधलेले आहे. २०१६-१७ चे उत्पन्न हे आधारवर्ष धरायचे आणि त्यावर दरवर्षी आठ टक्के चक्रवाढ वाढ द्यायची. दिसायला किती न्याय्य! परंतु २०१६-१७ मध्ये ज्या शहराची वसुली चांगली होती, त्याची चांगली रक्कम वाढत गेली. आणि ज्याची वसुली तेव्हा दुबळी होती, त्याचा दुबळेपणाही आठ टक्क्यांनी वाढत राहिला. दुष्काळातून नुकतेच उठलेले, व्यापारी-पालिका वादात वसुली गमावलेले शहर त्या वर्षी कोणत्या अवस्थेत असणार? आजारी माणसाचे वजन करून तोच त्याचा जन्मभराचा खुराक ठरवावा, तसे हे झाले. या सूत्रामुळे महापौर कर्तबगार असला तरी ही रक्कम तेवढीच येते, आणि झोपा काढत असला तरीही तेवढीच.

येथे एक मोठा दाखला द्यावासा वाटतो, कारण लहान शहराच्या आकड्यांत जे झाकले जाते ते मोठ्या शहराच्या आकड्यांत उघडे पडते. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षे तेथे महापौर नव्हता, नगरसेवक नव्हते. २०२२-२३ चे अंदाजपत्रक सुमारे ४५,९४९ कोटींचे होते. २०२५-२६ चे ७४,४२७ कोटींचे झाले. महापौर नसताना अंदाजपत्रक दीडपटीहून मोठे झाले! मग महापौर नसल्यामुळे मुंबईची भरभराट झाली, असे म्हणायचे काय? तसे नव्हे, कारण याच काळात मुंबईच्या मुदतठेवी घटत गेल्या. अंदाजपत्रक फुगणे म्हणजे श्रीमंत होणे नव्हे. घरात लग्न निघाले की खर्चाची यादी लांबते. त्यावरून घरमालकाची कमाई वाढली, असे कोणी मानत नाही. तरीही दरवर्षी प्रत्येक शहरात 'इतक्या कोटींचे अंदाजपत्रक' असा मथळा छापला जातो आणि सत्ताधारी तो कापून ठेवतात.

येलदरीचे पाणी कोणाचे?

आपल्या शहराचा सर्वांत मोठा प्रकल्प घ्या. पूर्णा नदीवरील येलदरी धरणातून पन्नास-साठ किलोमीटर अंतरावरून शहराला पाणी आणण्याची योजना छोट्या व मध्यम शहरांसाठीच्या केंद्रीय योजनेत घेतली गेली, तेव्हा येथे नगरपालिका होती. काम रखडले. महापौर आले आणि गेले. उरलेला भाग पुढे 'अमृत' योजनेतून मार्गी लागला. या योजनेचा विचार करणारे एक, निविदा काढणारे दुसरे, रखडवणारे तिसरे आणि नळ सोडताना छायाचित्रात असणारे चौथे. कार्यकाळानुसार गुण द्यायचे म्हटले, तर सर्वांत जास्त गुण शेवटच्या छायाचित्राला मिळतील. शेतात सरी कोणी पाडली, बी कोणी पेरले हे न विचारता, रास उचलताना जो उभा होता त्याला पीक देऊन टाकण्यासारखे हे आहे.

आणि पाणी आले म्हणजे काम संपले, असेही नव्हे. ते उचलायचे, शुद्ध करायचे, टाक्यांत चढवायचे, तर वीज लागते. विजेचे बिल दर महिन्याला येते. योजनेच्या भांडवली खर्चाचा मोठा भाग दिल्ली आणि मुंबई देतात. ती चालवण्याचा खर्च परभणीने द्यायचा असतो. नेमका येथेच महापौर आणि सभागृह यांचा खरा प्रांत सुरू होतो.

इतका वेळ मी महापौरांची वकिली करतो आहे असे कोणाला वाटले असेल, तर आता दुसरी बाजू ऐका. आयुक्तांनी मांडलेल्या अंदाजपत्रकावर स्थायी समिती आणि मग सर्वसाधारण सभा निर्णय घेते. मालमत्ता कराचा आणि पाणीपट्टीचा दर दरवर्षी २० फेब्रुवारीपर्यंत सभेने ठरवायचा असतो. हा अधिकार शासनाने काढून घेतलेला नाही, आयुक्तांनीही घेतलेला नाही. तो सभागृहाचाच आहे, आणि गावोगावची सभागृहे तो वापरत नाहीत. दर वाढवला तर मते जातील, थकबाकीदाराच्या दारात गेले तर तो आपलाच कार्यकर्ता निघेल, नव्या इमारतींची मोजणी केली तर मेहुणे-पाहुणे रागावतील!

मेहुण्यांचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. मराठवाड्यातीलच एका गावी (नाव घेत नाही) माझ्या मेहुण्यांचे पत्र्याचे घर होते. त्या जागी त्यांनी दोन मजली बंगला बांधला, वर अभ्यासिकेला जागा भाड्याने दिली. कराची पावती मात्र कित्येक वर्षे पत्र्याच्या घराचीच येत होती. दिवाळीला आम्ही गेलो की ते ती पावती कौतुकाने दाखवत, आणि त्याच बैठकीत नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही म्हणून पालिकेचा उद्धार करत. मीही फराळाचे ताट पुढे ओढून मान डोलावत असे. एकदाही मी त्यांना म्हणालो नाही की, दाजी, त्या पाण्याची वीज या पावतीतूनच यायची होती. आज येथे उभा राहून इतरांना अर्थशास्त्र सांगताना ती गप्प बसलेली दिवाळी मला आठवते.

तेव्हा महापौराला मोजायचे असेल, तर त्याच्या हाती जे होते त्यावरच मोजावे. त्याच्या अडीच वर्षांत किती मालमत्ता नव्याने कराच्या नोंदीत आल्या? चालू मागणीपैकी किती वसूल झाली आणि जुनी थकबाकी घटली की वाढली? शहराने स्वतः कमावलेल्या पैशातून पगार आणि वीजबिल भागते काय, की त्यासाठीही शासनाच्या हप्त्याची वाट पाहावी लागते? माझ्या मते हा शेवटचा प्रश्न एकटा विचारला तरी पुरे. पंधराव्या वित्त आयोगाने तर मालमत्ता कराची वाढ राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने व्हावी, अशी अटच अनुदानाला घातली होती. म्हणजे आळशी सभागृह दोनदा गमावते, एकदा कर आणि एकदा अनुदान.

अंदाजपत्रक हाती घ्याल, तेव्हा पहिल्या पानावरचा मोठा आकडा सोडून द्या. आत रकाने असतात. एक येत्या वर्षाचा अंदाज, एक चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि एक मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा. सारे खरे त्या प्रत्यक्ष जमेच्या रकान्यात असते आणि तोच कोणी वाचत नाही. अंदाज शंभराचा आणि जमा चाळीसची, असे लागोपाठ होत असेल, तर मधले साठ कोणाच्या तरी थकलेल्या बिलात दडलेले असतात: ठेकेदाराच्या, निवृत्त सफाई कामगाराच्या, वीज कंपनीच्या. देणी मागे ठेवून जाणारा महापौर आपल्या काळात उदार दिसतो, आणि ती फेडणारा त्याच्यानंतरचा कंजूष ठरतो. लोक आठवण मात्र पहिल्याची काढतात.

राहिला प्रश्न शहराच्या स्वतःच्या प्रकृतीचा. त्याचे माप पालिकेच्या इमारतीत मिळणार नाही. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली आणि पुढे परभणी जंक्शन झाले. १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ आले, २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्यात पोहोचला. यांपैकी एकही गोष्ट महापौराने आणली नाही, परंतु शहर उभे आहे ते यांवरच. एवढे असूनही रात्रीच्या पुण्याच्या गाडीला फलाटावर उभे राहा. पाठीवर पिशव्या अडकवलेली विशी-पंचविशीतील मुले-मुली किती चढतात आणि सणावाराव्यतिरिक्त किती उतरतात, ते मोजा. ज्या जिल्ह्यात एवढा कापूस पिकतो, तेथे सरकीपासून रुई निराळी होते आणि गाठी मालमोटारीत बसून निघून जातात. सूत दुसरीकडे, कापड तिसरीकडे, आणि ते शिवणारी आपली मुले चौथीकडे. मराठवाड्याच्या अनुशेषाची मोजणी १९८४ मध्ये दांडेकर समितीने केली, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ आले, ३० एप्रिल २०२० रोजी त्याची मुदत संपली. त्या मंडळासाठी जितका आवाज उठायला हवा होता, तितका परभणीतून उठला नाही. कारण आम्ही गटारीच्या उद्घाटनाला कोणाचे नाव छापले यावर भांडत होतो.

नव्या सभागृहाला माझ्या शुभेच्छा आहेत. त्यात कोण बसले आहे, कोणत्या बाकावर बसले आहे, याबद्दल आज काही बोलायचे नाही असे मी ठरवून आलो होतो, आणि ते पाळतो आहे. मात्र वर्गाच्या संयोजकांना एक विनंती आहे. माहितीच्या अधिकारात २०१२ पासूनची सर्व अंदाजपत्रके मागवावीत आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीत ती टेबलावर ठेवावीत. मी प्रत्यक्ष जमेचा रकाना तेवढा उतरवून काढणार आहे. एका माणसाचे ते काम नाही. मोंढ्यातील दोघा-तिघा मुनिमांनी आणि वाणिज्य शाखेच्या चार विद्यार्थ्यांनी सोबत बसावे. वही आणि पट्टी घरून आणावी.